सादड्याची दारं

माझा आवाज मोठा आहे. केळीच्या बागेत एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलायचं तर मोठाच लागतो, असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे घरातही तो तेवढाच मोठा होता. बायको, लताबाई, म्हणायची, "तुम्ही पाणी मांगितलं तरी शेजारची सून दचकते." मी हसायचो. त्यात मला मोठेपणा वाटायचा. आता साठी उलटली आणि त्या आवाजाने काय करून ठेवलं ते लिहायला बसलोय. लिहिताना ओरडता येत नाही, हे एक बरं.

गोष्ट १९८४ सालची. माझ्या मोठ्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं होतं. जावई जळगावात पाइपच्या कारखान्यात नोकरीला. मुलीला आंदण म्हणून कपाट द्यायचं होतं. तेव्हा लोखंडी कपाटांची लाट आली होती. मी सोयऱ्यांसमोर मिशीला हात लावून म्हणालो, "पत्र्याचं कपाट कोणीही देतो. मी सागवानी देईन." बोलून बसलो म्हणजे करणं आलं.

आमचं गाव सावद्याकडचं. गावात मिस्तरी एकच, चुडामण. मूळचा सोनगीरचा, धुळ्याकडचा. दहा-बारा वर्षांपूर्वी बायकोला, भागाबाईला, घेऊन आमच्या गावात आला होता. माझ्या गोठ्यामागे त्याने स्वतःच्या हाताने दोन खोल्या बांधल्या होत्या. त्याची बोली अहिराणी. आमच्या बायका त्याला चिडवायच्या, "मिस्तरी, चहा शे का?" तोही हसून म्हणायचा, "शे ना, बठा." कमी बोलणारा, कामाला चोख, आणि लाकडाच्या बाबतीत थोडा खुळा. गावातल्या कुठल्या घराची चौकट कुठल्या झाडाची, हे त्याला तोंडपाठ होतं.

लाकूड आणायला आम्ही दोघं जळगावच्या वखारीत गेलो. सागवानाच्या फळ्या मी निवडल्या, म्हणजे बोट दाखवलं आणि किंमत पाडून घेतली. मग मालकाच्या खोलीत पंख्याखाली चहा घेत बसलो. मे महिन्याची जळगावची दुपार, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. खिडकीतून मला चुडामण दिसत होता. वखारीच्या कोपऱ्यात सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग पडला होता. स्लॅब ओतताना खाली लावतात त्या, कुठल्याही झाडाच्या, चुना-सिमेंट लागलेल्या. त्या ढिगाशी तो वाकून काहीतरी ओढत होता. एक जाड, रुंद फळी त्याने बाहेर काढली, पंच्याने पुसली, माठातून पेलाभर पाणी आणून तिच्यावर ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. परत पाणी आणलं, परत ओतलं. मग त्याने मला हाक मारली.

"नाना, आठे या ना! हाई दखा तरी!"

हातात चहा होता. मी जागेवरूनच ओरडलो, "तूच पाह्य! तुले समजते!"

तो क्षणभर तसाच माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मालकाला विचारून ती फळी आमच्या लाकडात ठेवली. ढिगातलीच ती, मालकाने फुकटच देऊन टाकली. पंख्यापासून ती फळी वीस पावलं होती. वीस पावलं मी चाललो नाही.

महिनाभर चुडामणने माझ्या ओसरीत कपाट केलं. मी बागेत असायचो, सकाळ-संध्याकाळ येता-जाता बघायचो. कपाट उभं राहिलं तेव्हा दारांवर अजून पॉलिश नव्हतं. रंग उदासच दिसत होता, आणि कोरड्या लाकडावर आडव्या-तिडव्या रेषा पसरल्या होत्या. मला काही आवडलं नाही, पण मी म्हटलं, पॉलिश झाल्यावर बघू.

लग्नाच्या आठ दिवस आधी मुलाकडची माणसं याद्या करायला आली. त्यांच्यात मुलाचे मामा होते, जीवराममामा. जळगावात दोन मजली घर बांधलेले, बोलण्यात पुढे. गावातली दहा-बारा प्रतिष्ठित माणसं बसली होती. मामांनी कपाटाभोवती एक चक्कर मारली, दाराला बोट लावलं आणि म्हणाले, "बन्सीलालजी, कपाट सागवानी म्हटलं होतं ना? हे सागवान नव्हे. आणि ह्या दाराले सुरकुत्या काहून पडल्या? म्हातारं लाकूड घातलं का?"

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, सोयऱ्यांनी सोयऱ्याची करायची तेवढीच थट्टा होती. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंडावर पडलो असं वाटलं. आणि त्याच वेळी मला वखारीतला तो कोपरा आठवला, सेंट्रिंगचा ढीग, पाणी ओतणारा चुडामण. माझं सागवान स्वतःच्या घरी ठेवून याने माझ्या पोरीच्या दारांना फुकटची फळी लावली, हे डोक्यात पक्कं बसलं.

चुडामण तिथेच होता, पॉलिशचा बोळा हातात घेऊन.

"सेंट्रिंगची फळी माझ्या पोरीच्या कपाटाले लावली का रे?" मी ओरडलो. "माझं सागवान कुठी नेलं? चोर आहेस तू! माझ्या ओसरीत बसून, माझी भाकर खाऊन चोरी केली!"

"नाना, एक डाव पानी लाईसन दखा..." एवढंच तो म्हणाला. हातातला बोळा त्याने दाराकडे नेला होता. मी त्याचा हात झटकला. बोळा खाली पडला.

"हात नको लावू. उद्याच्या उद्या सनमायका आणतो, तो लाव वरून. माझी शोभा झाली तेवढी पुरे."

चोर हा शब्द मी किती वेळा उच्चारला, मला आठवत नाही. लताबाईला आठवतं. पाच वेळा, म्हणते.

दुसऱ्या दिवशी जळगावहून सनमायका आणला. दुधी रंगाचा, वर बारीक गुलाबी फुलं. चुडामणने तो दोन दिवसांत लावून दिला. माझ्याशी बोलला नाही, चहा घेतला नाही. काम मात्र सफाईचं, कुठे फुगा नाही, कुठे कडा निघालेली नाही. मामांनी लग्नात ते बघितलं आणि म्हणाले, "हां, आता कसं!" मला फार बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे आंदणाचं कपाट करणाऱ्या मिस्तरीला मांडवात मान असतो. पंगती बसायच्या आधी माइकवरून त्याचं नाव पुकारतात आणि मुलीचा बाप स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतो, खांद्यावर टॉवेल टाकतो. मानाच्या माणसांची यादी मीच लिहिली होती. चुडामणचं नाव मी घातलं नाही. तो आला होता. धुतलेला पांढरा सदरा घालून, केस विंचरून, मांडवाच्या खांबाशी बसला होता. सोयरे झाले, गावचे झाले, न्हावी झाला, बँडवाला झाला. यादी संपली. तो उठला, भागाबाईला खूण केली आणि दोघं न जेवता घरी गेले. मला ते दिसलं. मी दुसरीकडे बघितलं.

गावात माझ्या शब्दाला वजन होतं. दुर्दैवाने होतं. ज्याला बन्सीनानाने चारचौघांत चोर म्हटलं, त्याच्याकडे चौकट कोण करायला देणार? लोक सावद्याहून मिस्तरी आणू लागले. दिवाळीच्या सुमारास चुडामण सोनगीरला परत गेला. त्याच्या दोन खोल्या मी विकत घेतल्या आणि त्यात खताच्या गोण्या ठेवल्या. वर लोकांना सांगितलं, "गरज होती त्याले, मीच धावून गेलो." माझ्याच तोंडून हे निघालं होतं, आणि ते बोलताना मला काही टोचलंही नव्हतं.

सात वर्षं गेली. १९९१च्या मे महिन्यात मी सुनंदाकडे जळगावला गेलो होतो. जावयाने त्या उन्हाळ्यात कूलर घेतला होता. जळगावच्या उन्हात कूलर म्हणजे घरातला देवच, त्याच्यासमोर सगळं घर येऊन बसतं. त्यांनी तो कपाटासमोर ठेवला होता. महिनाभर ओली हवा कपाटावर बसली आणि सनमायका फुगला. जावयाने एका कोपऱ्याला धरून ओढला तर अख्खा सनमायकाच हातात आला. दोन्ही दारं उघडी पडली. परत चिकटवायला त्यांनी कॉलनीतला मिस्तरी बोलावला होता, तोताराम नावाचा. मी पोचलो तेव्हा तो दारांसमोर मांडी घालून बसला होता. हत्याराची पिशवी त्याने उघडलीही नव्हती.

"नाना, हे झाकलं कोणी?" त्याने विचारलं.

"का? काय झालं?"

त्याने सुनंदाकडून ओलं फडकं मागितलं आणि एका दारावरून सावकाश फिरवलं. मी बघितलं. उदास लाकूड गडद तपकिरी झालं आणि त्यात लाटा उठल्या. सोनेरी लाटा, खालून वरपर्यंत. त्याने दार थोडं हलवलं तर त्या लाटा सरकल्या. तापीच्या पाण्यावर संध्याकाळचं ऊन पडतं तसं काहीतरी. मग त्याने दुसरं दार ओलं केलं. तिथेही त्याच लाटा होत्या, उलट्या बाजूने. दोन्ही दारं मिटली की लाटा बरोबर मध्ये येऊन मिळत होत्या.

"सादडा आहे," तोताराम म्हणाला. "साधं लाकूड. सेंट्रिंगला वापरतात. पण हजारात एखाद्या झाडाले अशी नक्षी असते, आणि ती रंधा मारल्याशिवाय, पाणी लावल्याशिवाय दिसत नाही. ज्याने ही फळी ओळखली त्याची नजर पाहा. अन् एकाच फळीला मधून फाडून दोन दारं केली, पुस्तक उघडल्यासारखी. पॉलिश झालं असतं तर लोक बघायले आले असते."

तो पुढे वाकला आणि दाराच्या कडेवरून नख फिरवलं.

"अन् हे पाहा. सनमायका लावायचा म्हणजे आधी लाकूड खरवडून घ्यावं लागतं, नाहीतर फेविकॉल धरत नाही. याने एक ओरखडा काढला नाही. फेविकॉलही फक्त कडेकडेनं, बोटभर. मधलं सगळं कोरं ठेवलं." तो हसला. "ज्याने लावला त्याले हा सनमायका कधीतरी निघावाच असं वाटत होतं."

मी कपाट उघडलं. सात वर्षांत पहिल्यांदा आतून बघितलं. फळ्या सागवानाच्या. मागची पाठ, जिथे सगळे हलकं लाकूड मारतात, तीही सागवानाची. दारांसाठी घेतलेली माझी फळी न फळी तिथे होती. काही चोरीला गेलं नव्हतं. मला तेव्हा फक्त एक दार उघडून आत डोकवायचं होतं.

"मले माहीत होतं, नाना," मागून सुनंदा म्हणाली. "तुम्ही बागेत होते तेव्हा चुडामणकाकांनी मले दाखवलं होतं, असंच पाणी लावून. म्हणे, पोरी, हाई तुन्हासाठी सापडनं."

"मग तू बोलली काहून नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुमच्यासमोर कोण बोलते, नाना?"

चोर म्हटल्याची लाज होतीच. पण माझी स्वतःची लेक लग्नाच्या आधी आठ दिवस माझ्या भीतीने गप्प बसली होती, आणि ते फुलाफुलांचं कपाट घेऊन गाडीत बसली होती. मी घरात तोंड लपवायला जागा शोधू लागलो. शेवटी कूलरसमोर जाऊन बसलो, त्याच्या आवाजात कोणी बोलत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाजारातून टोपी आणि टॉवेल घेतला, आणि घरी कोणाला न सांगता धुळ्याची एसटी पकडली. धुळ्याहून सोनगीर. किल्ल्याच्या खाली, हायवेला लागून चुडामणचं दुकान सापडलं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. ट्रकच्या बॉडीच्या फुटलेल्या फळ्या बदलायचं काम. तो एका ट्रकच्या मागे उभा होता, अंगावर भुसा, केस पांढरे झालेले. आजूबाजूला चार-पाच ड्रायव्हर आणि गावची माणसं गप्पा मारत होती. मी समोरच्या हॉटेलात बसलो. चहा घेतला, अजून एक घेतला. माणसं जाईपर्यंत थांबलो. तो एकटा झाला तेव्हा उठलो.

त्याने मला लगेच ओळखलं. हातातली पटाशी नि हातोडा खाली ठेवला, खुर्ची पुसली.

"या नाना. बठा. पानी ल्या."

मी पाणी प्यायलो. तोच म्हणाला, "सनमायका निंघना का?"

"निघाला. परवाच."

"सात वरीस टिकना?" त्याला खरंच नवल वाटलं. "मी तं दोनच समजेल व्हतू. दारं वाकनात का?"

"नाही."

"वाकाव नहीत. सादडा शे तो." आणि तो हसला. त्या हसण्यात माझ्यासाठी काही नव्हतं, ते दारांसाठी होतं.

मी म्हणालो, "चुडामण, चुकलं माझं." पिशवीतून टोपी-टॉवेल काढला आणि उठून त्याच्या डोक्यावर ठेवायला गेलो. त्याने माझं मनगट धरलं. जोराने नाही, रंधा धरावा इतकंच.

"नाना, चोर म्हनात ते बठ्ठास्ना म्होरे म्हनात," तो म्हणाला. "आनि टोपी आठे? जठे कोन्ही नही?"

हॉटेलात बसून दोन चहा घेत मी कशाची वाट बघत होतो, हे त्याने पत्र्याखालून पाहिलं होतं. शिवी सगळ्या गावासमोर दिली, आणि माफी मागायला माणसं जायची वाट बघितली. मी टोपी परत पिशवीत घातली. त्याने मला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं, खिडकीशी उभा राहिला. सोनगीरपासून सावद्यापर्यंत मी ती पिशवी मांडीवर धरून होतो.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या मुलाचं, हेमराजचं, लग्न आमच्याच दारी झालं. मी चुडामणला पत्रिका पाठवली आणि खाली हाताने लिहिलं, "भागाबाईंना घेऊन ये. नाही आलास तरी नाव पुकारणार आहे." यादीत त्याचं नाव पहिलं घातलं. माइकवर वाचायला म्हणून एक कागदही लिहिला. त्यात "झालेल्या गैरसमजाबद्दल" असं लिहिलं होतं. रात्री लताबाईने तो वाचला आणि म्हणाली, "गैरसमज कोणाचा? तुम्ही तं शब्द बोलले होते." मी कागद फाडला.

तो आला. तसाच मांडवाच्या खांबाशी बसला, भागाबाई बायकांमध्ये. मांडव भरलेला होता. जीवराममामा पुढच्या खुर्चीत होते. नाव पुकारलं गेलं आणि मी माइक हातात घेतला. आयुष्यभर ज्याला माइक लागला नाही, त्याचा आवाज त्या दिवशी माइक असून फुटेना. मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, मोठ्यानं!" लोक हसले.

"आठ वर्षांपूर्वी," मी म्हणालो, "मी ह्या माणसाले माझ्या ओसरीत चोर म्हटलं. पाच वेळा म्हटलं. त्याने काही चोरलं नव्हतं. माझ्या पोरीसाठी त्याने सगळ्यात चांगलं लाकूड शोधलं होतं अन् मले ते बघायची अक्कल नव्हती. त्याचं काम मी बंद केलं. खोटा मी होतो."

मामा पायाकडे बघत होते. चुडामण उठून आला. मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, सोनगीरला नेलेलीच, वर्षभर घडीत राहून मधून पिवळी पडलेली. टॉवेल खांद्यावर टाकला. मी पाया पडायला गेलो, त्याने मला वाकू दिलं नाही. एवढंच म्हणाला, "व्हयनं नाना. व्हई गयं." मग पुढचं नाव पुकारलं गेलं, आणि लोक पंगतीकडे निघाले. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. मला हलकं वाटलं. फेडलं, असं मनात आलं.

पंगतीत भागाबाई दिसेना. मी शोधत गोठ्यामागे गेलो. ती माझ्या खताच्या खोलीसमोर उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. दाराला माझं कुलूप होतं.

"नाना, किल्ली शे का?" तिने विचारलं. "एक डाव दखी लेस."

किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात होती. ती शोधायला मला फार वेळ लागला. दार उघडलं तसा युरियाचा वास आला. छतापर्यंत गोण्या. ती आत शिरली, गोण्यांच्या मधल्या फटीतून कोपऱ्यापर्यंत गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. तिथे भिंत अजून काळी होती.

"आठे मन्ही चूल व्हती," ती म्हणाली.

माझ्याकडे बघून म्हणाली नाही, तक्रार म्हणूनही नाही. मांडवात चारशे माणसांसमोर मी बोललो होतो. इथे कोणी नव्हतं, ऐकणारी ती एकटी होती, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. माझ्या मनातल्या हिशोबात ती कधी आलीच नव्हती. तिच्यासाठी मी काही आणलं नव्हतं, साधी चोळीसुद्धा. तिचं नावही मी पुकारलं नव्हतं.

तिने हाताला लागलेली काजळी पदराला पुसली आणि बाहेर आली.

"चला नाना," ती म्हणाली, "पंगत बशी गई व्हई."

ती पुढे निघाली. मी कुलूप हातात घेऊन दारातच उभा राहिलो, आणि ते परत लावायला माझा हात उचलेना.